पंधरावी मेणबत्ती

लाइट गेली तसा अक्षयाने देवळीतल्या काडेपेटीकडे हात नेला.

"ती नको गो," अण्णा म्हणाले. "समर्थ, मोबाइलचा उजेड कर."

"का, आत भूत कोंडलंय?"

अण्णा हसले नाहीत. "आपल्या वायरमन विनीतनं ठेवायला दिलीय. माझा असल्यावर विश्वास नाही. म्हणजे... नव्हता."

मग सांगू लागले.

मिरजोळ्याला तीन फादर राहत, जुन्या रीतीने लॅटिनमध्ये मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, करणारे. विनीत त्यांचं वायरिंग बघायचा. २०२५ साली, १६ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या आधीच्या बुधवारी, त्यांची रात्रीची प्रार्थना होती. पंधरा मेणबत्त्या. स्तोत्र संपलं की एक विझवायची. शेवटची मात्र पेटती वेदीमागे लपवायची. काळोखात सगळे बाकांवर पुस्तकं आपटत राहणार. ती ज्योत परत आली की थांबणार.

वेदीमागे माणूस कमी पडला. आजारी, थकलेल्या फादर मिनेझिसनी विनीतलाच उभं केलं. "एवढी विझू देऊ नकोस, बाबा. पुढच्या वर्षी मी नसेन."

खिडकीतून वारा आला. विझली.

विनीतने खिशातल्या पेटीतली काडी ओढली. गोंगाटात कुणाला कळलं नाही. ज्योत बाहेर आली, आवाज थांबला.

"टिकली ना रे?" फादरनी नंतर विचारलं.

"टिकली, फादर."

उशीर झाला म्हणून तो तिथेच झोपला. पावणेदोनला जाग आली.

ठप्. ठप्.

चॅपेलमधून. त्याने टॉर्च मारला. बाक रिकामे. आवाज पहिल्या बाकावरून येत होता...

त्याने दुसरी काडी ओढून तीच मेणबत्ती पेटवली. आवाज थांबेना.

ती ज्योत परत आलीच नव्हती. ही काडीची होती.

खरं सांगून टाकावं म्हणून तो फादर मिनेझिसांच्या खोलीत धावला. हाक मारली. हात धरला.

गार.

मागे... ठप्. ठप्.

"फादर... विझली होती. मी काडी ओढली."

आवाज थांबला.

ओटीवर अक्षया देवळीपासून मागे सरकली.

"त्यांनी ऐकलं असेल, अण्णा?" अक्षयाने विचारलं.

"तेच विनीत मला विचारतो. चाळीस वर्षं कॉलेजात शिकवलं मी... काय सांगू त्याला?" अण्णांनी पेटी पुढे सरकवली. "नवी होती. दोनच काड्या ओढल्या त्यानं."

समर्थने मोबाइल जवळ धरून ती उघडली.

आतली प्रत्येक काडी जळून काळी झालेली. पेटीच्या कागदावर कुठे डागही नव्हता.