एकोणचाळीस वाटे

त्या सोमवारी सातवी ब मधली अडतीस मुलं थोडी थोडी रडली. जिचे वडील गेले होते ती शलाका गुरव मात्र फळ्यावरचं गणित उतरवून घेत होती, तेही वळणदार अक्षरात.

वर्गशिक्षिका सुमतीबाईंना समाधान वाटलं. मुलांच्या मनाला जपणारी 'समवाटा' पट्टी शाळेत आली, तेव्हा पालकसभेत त्याच म्हणाल्या होत्या, "कीर्तनात करुणरस आला की सारा मांडव डोळे पुसतो, एकट्याचं ओझं हलकं होतं. ही पट्टी तेच करते." मनगटावरची पट्टी मेंदूतले दुःखाचे संदेश टिपायची आणि त्यांचे पातळ वाटे करून साऱ्या वर्गाच्या मेंदूत पोचवायची. कुणालाच जड जाऊ नये. तेराव्यानंतर शलाका शाळेत आली, तिचं उतरलेलं तोंड बाईंना बघवेना, आणि त्यांनी लगेच वाटप सुरू केलं. तिला विचारायचं राहूनच गेलं.

आठवड्याने शलाका त्यांच्यापाशी आली.

"बाई, बाबांचा मृदंग देवळात खुंटीला टांगलाय. मी रोज बघते. सर्दी झाल्यासारखं वाटतं, तेवढंच. माझं मला परत द्या ना."

बाईंनी पट्टी करणाऱ्या डॉ. निमकरांना बोलावून घेतलं.

"परत मागणारी ही पहिलीच," डॉक्टर म्हणाले. "जमेल. पण ज्याच्याकडे वाटा गेला, त्याने राजीखुशीने सोडायला हवा. आणि सगळं एकदम अंगावर येईल, बाई. बारा वर्षांची पोर. आता जेवते, झोपते, ही घडी कशाला मोडता?"

"मांडवात सगळे रडतात हो, पण घरी जाताना ज्याचं दुःख त्याच्याचबरोबर जातं. एवढी कीर्तनं ऐकली, हे काही ध्यानात आलं नाही माझ्या."

डॉक्टर जरा घुटमळले. "आणखी एक. दुःख एकटं जात नाही. आठवणीचा धागा घेऊन जातं."

त्याचा अर्थ बाईंना वर्गात कळला. "शलाकाचा वाटा कोण कोण परत देतं?" त्यांनी विचारलं. एकही हात वर झाला नाही.

"का रे कौस्तुभ? एरवी डबासुद्धा न मागता वाटतोस."

कौस्तुभ बोटांनी बाकावर ठेका धरून बसला होता. डोळे भरलेले. "दिलं तर गुरवकाका पण जातील ना, बाई. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. आता रोज आठवतात."

"माझ्यापण जवळचे आहेत ते," मागून मुक्ता म्हणाली.

बाईंना रागवावंसं वाटलं. पण इतक्या प्रेमाने धरलेली वस्तू मुलांच्या हातून कशी हिसकावून घ्यायची?

शलाका भांडली नाही. वही घेऊन ती कौस्तुभच्या शेजारी जाऊन बसली. आपल्या रुमालाने तिने त्याचे गाल पुसले.

"सांग ना रे," ती म्हणाली, "बाबा गेले की कसं वाटतं?"

तो सांगू लागला. आणि वळणदार अक्षरात शलाका ते उतरवून घेऊ लागली.