कोरेगावच्या गोदामातली बेडी

ही गोष्ट खरी आहे. ज्याला थट्टा वाटते त्याने कुपवाडला येऊन मायाचा घोटा बघावा.

जागा कोरेगावची. गुळाचं बंद पडलेलं गोदाम. रात्रही होती, पण सिनेमातली! बाहेर टळटळीत दुपार आणि आत खिडक्यांना काळे पडदे.

माया सिद्दी. तिचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्याला उतरवलेले. तिथून पळाले आणि जंगलात राहिले. वडील यल्लाप्पा पोटापाण्यासाठी कुपवाडच्या कारखान्यात आले. सिनेमा त्याच गुलामांवर होता, म्हणून मायाला बोलावणं आलं. पोरगी नुसती हरखून गेली.

घरात वारलेल्या वाडवडिलांच्या नावाने नारळ मांडलेले. कुठेही निघताना त्यांच्यापुढे कुळातली नावं घ्यायची आणि कुठे चाललो ते सांगायचं, ही त्यांची रीत.

"आगं, सांगून जा त्यास्नी," आजी आक्काताई म्हणाली.

"आल्यावर सांगते गं आज्जी, एसटी जाईल!"

तेवढीच चूक झाली.

गोदामात जहाजाच्या तळघराचा सेट उभारला होता. ओळीने गुलाम बसलेले, सगळ्यांच्या पायात बेड्या. बेड्या फायबरच्या, हलक्या. खटका दाबला की उघडायच्या. सेटवरचं सामान सांभाळणाऱ्या प्रथमेशने स्वतः रंगवल्या होत्या.

शॉट झाला. सगळे जेवायला उठले.

मायाने खटका दाबला...

बेडी उघडेना.

"प्रथमेश! आरं, ही निघंना झालीया!"

कुणी ओ दिली नाही. बाहेर ताटं वाजत होती. मग ताटांचा आवाजही थांबला.

तिने पाय ओढला... आणि खण्णकन आवाज झाला.

फायबर असं वाजत नाही.

बेडी गार पडली. जड झाली. खाऱ्या पाण्याचा वास आला. शेजारची जागा रिकामी होती, तरी तिथे कुणीतरी श्वास घेत होतं...

ओळीच्या टोकाला साखळी हलली. मग जरा अलीकडे. मग अगदी शेजारी...

मायाने दोन्ही अंगठ्यांनी खटका दाबला, तो हलेना. आता आपण इथेच राहणार, हे तिला पक्कं कळलं. ज्यांना सांगून निघायचं, त्यांनाच ती सांगून आली नव्हती.

अंधारात एका बाईने काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही. बोलण्याची चाल मात्र ओळखीची होती. आक्काताई ढोलकं वाजवताना असंच गुणगुणायची.

मायाने डोळे मिटले.

"मी माया. यल्लाप्पाची लेक. आक्काताईची नात. हरिबाची पणती..."

नावं घेत घेत ती गोव्याहून पळालेल्या पहिल्या बाईपर्यंत पोचली.

खट्!

माया पडदा ओढून उन्हात पळाली. प्रथमेश दारातच जेवत होता.

"हाक ऐकली न्हाईस व्हय रं?"

"कवा? आमी हितंच हाय की!"

त्याने आत जाऊन बेडी आणली. हलकी, फायबरची. आणि खटका लावलेला... तशीच बंद.

मायाच्या घोट्यावर गंजाचं तांबडं कडं होतं. ते आजही धुतलं तरी जात नाही.

घरी आक्काताईने सगळं ऐकलं. नारळांपुढे दिवा लावला.

"तू नावं घेतलीस, म्हनून सुटलीस," ती म्हणाली. "पन त्या वळीत बाकीची हुती, त्यांची नावं कुनी घ्यायची गं?"

सिनेमा लागून गेला. माया बघायला गेली नाही.

रोज कामाला निघताना ती नारळांपुढे सगळी नावं घेते. शेवटचं नाव घेऊन थांबते...

आणि साखळी हलते.

पुढचं नाव आपलं असेल, असं त्या ओळीतल्यांना वाटतं.