मोनालीच्या मागची खुर्ची

ज्यांना ही गोष्ट खोटी वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावी. पण मोनाली माझी सख्खी मावसबहीण आहे. त्या हिवाळ्यापासून ती कशी जगते, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहत आलोय.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दिवसा, माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये घडलेली आहे.

साल २०१२. डिसेंबर महिना. गोंदियाजवळ, मुर्रीच्या थोडं पुढे, एका विद्यापीठाचं संशोधन कार्यालय होतं. नाव सांगत नाही. समोर हॉल, बाजूला खोल्या, मागे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि बांध्यांच्या टोकाला बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहान तळं.

मोनाली तिथे कंत्राटावर संशोधन सहायक म्हणून लागली. दवनीवाड्याहून रोज बसने यायची. वडील नव्हते. आई, म्हणजे माझी वच्छला मावशी, दुसऱ्यांच्या बांधीत राबायची. त्या घरातली पहिली शिकलेली मुलगी ही. पहिल्या दिवशी नवा पोपटी ड्रेस घालून गेली होती.

ऑफिसात एक रिवाज होता.

दर सोमवारी सकाळी सगळे हॉलमध्ये जमायचे. प्रेमिला मॅडम, तिथल्या जुन्या बाई, ऑफिसच्या बातम्या वाचायच्या. कोणाला बढती मिळाली, कोणाचं लग्न ठरलं, कोणाची प्रशिक्षणासाठी निवड झाली. नाव येईल त्याने उभं राहायचं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

पहिल्या सोमवारी प्रेमिला मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काही बातमी नाही."

पुढच्या सोमवारीही तेच.

मोनालीला नवल वाटलं. एवढ्या माणसांत कोणाचंच काही चांगलं होत नाही?

आणखी एक गोष्ट. हॉलमधली शेवटची रांग रिकामी असायची. खुर्च्या कमी पडल्या तर लोक भिंतीला टेकून उभे राहायचे... पण तिथे बसायचे नाहीत. मोनालीला त्या रांगेच्या लगेच पुढच्या रांगेतली खुर्ची दिली होती.

मग तो सोमवार आला.

"मोनाली मेश्राम," प्रेमिला मॅडमनी वाचलं. "नागपूरच्या निवासी प्रशिक्षणासाठी निवड."

मोनालीचा कानांवर विश्वास बसेना. कायम नोकरीवाले सोडून कंत्राटी मुलीला पाठवतात? ती उभी राहिली. टाळ्या झाल्या.

मग सगळ्यांचे हात एकदम थांबले.

जणू सगळ्यांना काहीतरी ऐकायचं होतं...

आणि तिच्या पाठीमागे टाळी चालूच राहिली.

चप्प... चप्प... चप्प...

ओल्या हातांची टाळी.

मोनाली गर्रकन वळली. मागची खुर्ची रिकामी होती.

तिने पुन्हा समोर पाहिलं. कोणीच दचकलं नव्हतं. उलट सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला होता.

जेवणाच्या सुट्टीत प्रेमिला मॅडम नळावर डबा धूत होत्या. मोनालीने त्यांना गाठलं.

"मॅडम, माझ्या मागे कोण होतं?"

प्रेमिला मॅडमनी डबा पुसला. मग अगदी रोजच्या आवाजात सांगितलं.

"दुर्गाबाई होती इथं. टायपिस्ट म्हणून लागली होती. नोकरी करता करता एम.ए. झाली. तिले एकच नाद, ट्रेनिंगले जायचा. स्टेशनरीच्या खोलीत दार लावून इंग्रजी बोलायची. थँक यू फॉर धिस अपॉर्च्युनिटी. दिवसभर तेच. आम्ही बाहेरून ऐकून हसत होतो."

"मग?"

"एका सोमवारी तिलक सर म्हणाले, वाचा तिचं नाव. गंमत करू. म्या वाचलं."

तिलक सर म्हणजे ऑफिसचे प्रमुख.

दुर्गाबाई उभी राहिली. सगळ्यांनी मुद्दाम लांबवून टाळ्या वाजवल्या. ती रडली. घरी फोन केला. धावत बाजारात जाऊन पेढे आणले आणि प्रत्येकाच्या हातावर ठेवले. तिलक सरांनी पेढा तोंडात टाकला, चावला, आणि म्हणाले, "दुर्गाबाई, मजाक होती ना."

सगळे हसले.

"ती बी हसली," प्रेमिला मॅडम म्हणाल्या. "रिकामा डबा उचलला अन् मागच्या दारानं गेली. दुसऱ्या दिवशी बोडीत सापडली."

त्यानंतर पहिलं नाव वाचलं गेलं ते गुलाबचंदचं. त्याच हॉलमध्ये काम करणारा हसरा माणूस. त्याच्यासाठीही सगळे थांबल्यावर ती ओली टाळी वाजत राहिली. प्रशिक्षणाला निघाला आणि देवरीजवळ त्याची मोटारसायकल ट्रकखाली आली. जीव वाचला. जबडा गेला. अजून नळीने जेवतो.

तेव्हापासून कोणी स्वतःचं नाव वाचू देत नव्हतं.

"मग माझं काऊन वाचलं?" मोनालीने विचारलं.

"वरून पत्रावर पत्र येऊन राहिलं होतं. कोणाले तरी पाठवणं भाग होतं." प्रेमिला मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "आमाले लेकरं आहेत. तुझं तर लगन बी नाही झालं."

मोनाली तशीच तिलक सरांकडे गेली. मला जायचं नाही म्हणाली.

"नको जाऊस," सर म्हणाले. "मग इथेही येऊ नको."

घरी तिने मावशीला काहीच सांगितलं नाही. बॅग भरली. वर तो पोपटी ड्रेस ठेवला, बाजूला शाल खोचली आणि गोंदिया स्टेशनवर गेली.

नागपूरची दुपारची गाडी फलाटावर लागलेली होती. तिला खिडकीजवळची जागा मिळाली. बॅग शेजारी ठेवून ती बसली. डबा बऱ्यापैकी रिकामा होता. गाडीने शिट्टी दिली.

आणि तिच्या पाठीमागच्या बाकावरून...

चप्प... चप्प...

मोनाली उठली आणि दाराकडे पळाली. गाडी हलली होती. तिने उडी मारली, फलाटावर गुडघ्यांवर पडली. बॅग आतच राहिली.

तिची खिडकी हळूहळू समोरून गेली.

जागेवर कोणीतरी बसलं होतं. चेहरा दिसला नाही... फक्त हात दिसले. त्या हातांनी तिची बॅग उचलली आणि मांडीवर घेतली.

मोनाली तापाने फणफणली. मावशीला वाटलं, पोरगी आजारी पडली म्हणून परत आली. प्रशिक्षण संपेपर्यंत ती अंथरुणातच होती.

बरी झाल्यावर ती खरं सांगायचं ठरवून ऑफिसला गेली. तिलक सर दारातच भेटले. हसत होते.

"शाबास. नागपूरहून फोन होता. सगळ्यांत तू पहिली आली."

खरं सांगायचं राहूनच गेलं.

काही दिवसांनी ऑफिसात एक पाहुणी आली. साक्षी नाव. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात होती, गोंदियाला कोणाच्या लग्नाला आली होती. हातात एक पिशवी.

"मोनाली मॅडम कुठे आहेत? ट्रेनिंगमध्ये आम्ही एका खोलीत होतो. त्यांची शाल राहिली होती."

प्रेमिला मॅडमनी मोनालीकडे बोट दाखवलं.

साक्षीने पाहिलं. मान हलवली.

"नाही. ह्या नाहीत."

"हीच आहे मोनाली."

"मला ओळखता येणार नाही का? त्या मोठ्या आहेत. सावळ्या. पोपटी ड्रेस घालायच्या, अंगाला घट्ट व्हायचा त्यांना. केस कायम ओले." ती जरा थांबली. "स्वभावाने चांगल्या होत्या. फक्त आरशासमोर बसून एकच वाक्य म्हणायच्या. थँक यू फॉर धिस अपॉर्च्युनिटी."

प्रेमिला मॅडमनी स्टेशनरीच्या खोलीकडे पाहिलं.

साक्षीने शाल टेबलावर ठेवली. मोनालीचीच होती. नागपूरहून येऊन इतके दिवस झाले होते... तरी त्या शालीतून पाणी ठिबकत होतं.

साक्षी गेल्यावर तिलक सरांनी मोनालीला आत बोलावलं. दार लावलं.

"तू गेली होती की नाही?"

"नाही सर. मी गाडीतून उतरली."

सरांनी उठून खिडकी लावली. भीती वाटली असेल तर दिसली नाही.

"हे बघ," ते म्हणाले. "ऑफिसचं नाव झालं आहे. कुलगुरू स्वतः खूश आहेत. तुला कायम करायचं चाललंय. नाही गेली म्हणशील तर ती फसवणूक होते, पोलिसांत जाते गोष्ट. गेली म्हणशील तर नोकरी पक्की. तुझी आई रोजीवर जाते ना?"

मोनालीच्या डोळ्यांसमोर बांधीत वाकलेली आई आली.

"बोल. गेली होती?"

"हो सर," ती म्हणाली. "मी गेली होती."

मला ती नंतर सांगायची, ते वाक्य तोंडातून निघालं आणि काहीतरी हातातून सुटल्यासारखं झालं.

पुढच्या सोमवारी सगळे हॉलमध्ये जमले. तिलक सर पुढे बसले होते. प्रेमिला मॅडमच्या हातात फुलांचा गुच्छ होता.

"मोनाली मेश्राम. प्रशिक्षणात प्रथम. अभिनंदन."

मोनाली उभी राहिली.

त्याच वेळी तिच्या मागे खुर्ची सरकली.

कोणीतरी उभं राहिलं होतं...

टाळ्या सुरू झाल्या. जोरात. पण तिच्याकडे एकही माणूस पाहत नव्हता. सगळ्यांच्या नजरा तिच्या खांद्यावरून मागे गेल्या होत्या. सगळे हसत होते. डोळ्यांत पाणी, आणि तोंडं हसरी. थांबायची कोणाची हिंमत नव्हती.

प्रेमिला मॅडम गुच्छ घेऊन आल्या. मोनालीने हात पुढे केला.

त्या तिच्या बाजूने पुढे निघून गेल्या. मागच्या रांगेपाशी थांबल्या. मान खाली घालून गुच्छ पुढे धरला. आणि सोडला.

गुच्छ खाली पडला नाही.

मोनालीने वळून पाहिलं नाही. ती सरळ दाराकडे चालत गेली. तिला कोणी अडवलं नाही, हाकही मारली नाही. रस्त्यावर येईपर्यंत टाळ्या ऐकू येत होत्या.

ती परत गेली नाही.

तुम्ही म्हणाल, त्या तिलक सरांचं काय झालं. काही नाही झालं. बढती घेऊन दुसऱ्या जागी गेले. तब्येत ठणठणीत आहे. मार बसला तो आमच्या घराला. मावशी आजही बांधीत जाते.

नंतर, २०१५ मध्ये, मोनालीला एका शाळेत नोकरीची आशा होती. तिथे अनुभवाचा दाखला मागितला. ती काही त्या जुन्या ऑफिसात फोन करेना, म्हणून मीच केला. ती माझ्यासमोरच बसून लाखोळीची डाळ निवडत होती.

फोन कोण्या नव्या मुलाने उचलला. मी म्हणालो, "मोनाली मेश्राम तुमच्याकडे होत्या, त्यांच्याबद्दल..."

"होत्या म्हणजे? आहेत ना," तो म्हणाला. "बसल्या आहेत टेबलावर. देऊ का?"

मी काही बोलायच्या आत त्याने रिसीव्हर बाजूला ठेवला. त्याची हाक ऐकू आली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग पावलं... ओली...

कोणीतरी रिसीव्हर उचलला. श्वास ऐकू आला.

मोनालीने माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"बोलू नोको तिच्याशी," ती म्हणाली. आणि पुन्हा डाळ निवडायला बसली.

शाळेची नोकरी हातची गेली. त्याविषयी आम्ही बोलत नाही. घरात सगळे तिला आता 'बाई' म्हणतात, मावशीसुद्धा. कारण कोणी चुकून मोनाली म्हणून हाक मारली की ती ओ देत नाही.

आधी मागे वळून पाहते.