शिवण बाहेर का होती?

“मला पिटुकलीचे डोळे काही बरे दिसले नाहीत,” कॅप्टन म्हणाली.

“आजारी माणसाचे डोळे कधी बरे दिसतात का?” भोंगा एवढ्या जोरात बोलला, की शिडीवर चढून पताका बांधणाऱ्या माणसानं खाली पाहिलं. भोंग्याला हळू बोलता येतच नसे. उगाच नाही त्याला भोंगा म्हणत!

चर्चच्या आवारात उन्हाळी मेळाव्याची धांदल उडाली होती. टेबलं मांडली जात होती, मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या जात होत्या आणि कर्ण्यातून “हॅलो, हॅलो” चाललं होतं. आजचा दिवस मुलांच्या शर्यतींचा. सुट्टीभर सगळे याच दिवसाची वाट बघत होते आणि आता हे तिघं भिंतीवर तोंडं पाडून बसले होते.

पिटुकली म्हणजे कॅप्टनची चुलतबहीण. वय वर्षं सहा. काल संध्याकाळी पोत्यांच्या शर्यतीचा सराव करून घरी आली आणि उलट्यांवर उलट्या सुरू झाल्या. रात्रभर घामानं अंथरूण भिजलं. काका म्हणाले, “ऊन लागलंय. मीठ-साखरेचं पाणी पाजा, होईल ठीक.” एवढं बोलून ते सकाळी मैदानावर निघूनही गेले. शर्यतींचे प्रमुख ना ते! काकू एकटीच उशाशी बसली होती. दवाखान्याचा फोन कुणी उचलत नव्हतं.

“खोलीत अंधार होता,” कॅप्टन सांगू लागली. “अंधारात आपल्या डोळ्यांतली बाहुली मोठी होते. हो ना? तिची मोहरीएवढी झालीय! तोंडातून सारखी लाळ गळतेय. मला ओळखलंसुद्धा नाही रे तिनं.”

भोंगा गप्प झाला. तो गप्प झाला म्हणजे प्रकरण गंभीर.

“माझे हातही कालपासून चुरचुरतायत,” टाका म्हणाला. टाका हा शिंपीणबाईंचा मुलगा. बोलायचा कमी, बघायचा जास्त.

“माझेपण!” भोंगा म्हणाला. “मला वाटलं, गवतामुळे.”

“चला,” कॅप्टननं भिंतीवरून उडी टाकली. “काल आपण जिथे होतो, ते सगळं पुन्हा बघायचं.”

चर्चच्या मागे सामानाची खोली होती. काल तिच्या दारासमोरच पोती झटकून मुलांना वाटली होती. तिथल्या मातीत दोन चिमण्या पडल्या होत्या. पाय वर, चोच उघडी. भोंग्यानं वाकून हात पुढे केला.

“हात लावू नकोस!” कॅप्टन ओरडली.

खोलीचं दार उघडंच होतं, किल्ली कुलपाला लटकत होती. आत पोत्यांची चळत. लसणीसारखा उग्र वास नाकात घुसला. टाका चळतीकडे टक लावून उभा राहिला.

“शिवण बाहेर का आहे?” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“पोत्याची शिवण आत असते. ही सगळी पोती कुणीतरी उलटवलीत. सगळी! एवढा खटाटोप कशाला?”

कॅप्टननं नाकाला रुमाल बांधला, कोपऱ्यातल्या दोन काठ्या घेतल्या आणि वरचं पोतं बाहेर ओढलं. तिनं आणि भोंग्यानं काठ्यांनीच ते पुन्हा सुलटं केलं. लपवलेली छापील बाजू वर आली. तिच्यावर लाल रंगात कवटी होती. खाली आडवी हाडं. आणि किडे मारायच्या पावडरीचं नाव.

ही पोती काकांच्या गोदामातून आली होती, ते तिघांनाही ठाऊक होतं.

“टाका, पेन आहे?” कॅप्टननं विचारलं. “ते नाव हातावर लिही, एक अक्षर चुकवू नकोस. सायकल काढ, पुलापलीकडे दवाखान्यात जा. डॉक्टरबाई नसतील तर असतील तिथे गाठ आणि आधी पिटुकलीकडे ने!”

टाका धूम पळाला.

कॅप्टन मैदानावर धावली. काका शिट्टी तपासत होते.

“काका, ती पोती विषाची आहेत!”

“हळू बोल!” त्यांनी चटकन आजूबाजूला पाहिलं. “रिकामी आहेत ती. चांगली झटकून घेतलीत.”

“मग उलटवली कशाला?”

“अगं, फोटो निघणार आज. ते चित्र बरं दिसतं का?”

“पिटुकली त्याच्यामुळेच—”

“ऊन लागलंय तिला! आयुष्य गेलं माझं त्या गोदामात. मला झालंय का काही? शहाणपणा पुरे! आता पहिली शर्यत तीच आहे.”

मोठ्या माणसांचं हे असं. एकदा नाही म्हणाले की नाहीच! कॅप्टन डोळे पुसत परत आली. रडायला वेळ नव्हता. तिनं खोलीचं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि किल्ली भोंग्याच्या हातात दिली.

“गिळू?” भोंग्यानं विचारलं.

“मूर्खा! दानपेटीत टाक. ती उघडायला फादर आणि खजिनदार दोघांच्या किल्ल्या लागतात, आणि खजिनदार गावाला गेलेत.”

“टाकली समज!”

“आणि मग कर्ण्यावर जा. आज जेवढा आवाज आहे तेवढा काढ.”

थोड्याच वेळात सगळं आवार दणाणलं. “काल ज्यांनी पोती घातली, त्यांनी हात-पाय साबणानं धुवा! कपडे बदला! पोत्यांत विष आहे! हा खेळ नाही, खरंच सांगतोय!” कुणीतरी माईक हिसकावून घेतला, तर पठ्ठ्या तसाच ओरडत राहिला. आया पोरांचे हात उलटसुलट करून बघू लागल्या.

काका पहार घेऊनच खोलीपाशी आले. रागानं लालबुंद झाले होते. मागे फादर, त्यांच्यामागे गर्दी.

“बाजूला हो!”

“नाही होणार.” कॅप्टन दाराला पाठ लावून उभी राहिली.

“सगळ्यांनीच घातली होती ना पोती? मग तिलाच कसं विष बाधलं?”

“तिला पोतं मोठं होत होतं, काका. सारखं पायात येऊन ती पडत होती.” कॅप्टनला हुंदका आवरेना. “तेव्हा तुम्हीच म्हणालात, कड दातात धर, म्हणजे पडणार नाहीस. पोती उलटवल्यामुळे पावडरीची आतली बाजू बाहेर आली होती, काका. तिनं शेवटपर्यंत दातात धरली होती.”

पहार काकांच्या हातातून निसटून त्यांच्याच पायावर पडली. त्यांना ते कळलंही नाही. ते घराकडे धावत सुटले.

डॉक्टरबाई त्यांच्याआधीच पोचल्या होत्या. टाक्याच्या हातावरचं नाव वाचून त्यांनी लगेच इंजेक्शन दिलं आणि पिटुकलीला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. “नाव कळलं म्हणून औषध कळलं,” त्या म्हणाल्या. “अजून तासभर गेला असता, तर माझ्या हातात काही उरलं नसतं.” सरावातल्या बाकीच्या मुलांनाही तपासलं. मेळावा रद्द झाला.

पुढच्या रविवारी फादरनी तिघांना समोर बोलावलं. “आम्ही मोठ्यांनी जे बघायला हवं होतं, ते या मुलांनी बघितलं,” ते म्हणाले. सगळे उठून उभे राहिले. भोंगासुद्धा मान खाली घालून होता. मागच्या बाकावर काका दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले होते. गोदामाची चौकशी सुरू झाली होती आणि गावात कुणी त्यांच्याशी धड बोलत नव्हतं.

सुट्टी संपता संपता शर्यती पुन्हा ठरल्या. शिंपीणबाईंनी जुन्या चादरींच्या पिशव्या शिवल्या, शिवण आत घालून. एक अगदी छोटी होती.

पिटुकली तिच्यात उभी राहिली. पाय काटकुळे झाले होते, चालताना अजून धाप लागायची. काका लंगडत आले, गुडघ्यांवर बसले आणि पिशवीची कड हातानं चाचपू लागले.

“बाबा,” तिनं विचारलं, “दातात धरू?”

“नको गं बाळा,” काका कसंबसं म्हणाले. “हातात धर. पडलीस तर पड.”