‘होय’ने गिळलेले शब्द

आधी एक कोडं घाला डोक्यात.

एक पाणबुड्या समुद्रात चाळीस मीटर खोल काम करतो आहे. दुसरा माणूस वर होडीत बसला आहे. दोघांच्या मध्ये टेलिफोनची तार आहे. फोन नवाकोरा, आवाज इतका स्वच्छ की खालच्याचा श्वाससुद्धा वर ऐकू येतो. वरचा सांगतो, “हेमंत, आता वर ये. येताना तांबड्या खुणेकडे वीस मिनटां थांब.” खालचा म्हणतो, “होय बाबा.” आणि तो तांबड्या खुणेपाशी क्षणभरही न थांबता सरळ वर येतो. दोन तासांनी तो मरतो.

का?

हे कोडं मी रचलेलं नाही. हेमंत कुबल माझे बाबा होते. वरचा आवाज माझ्या आजोबांचा, डॉ. यशवंत कुबल यांचा. पाण्यातल्या आवाजाचे ते मोठे शास्त्रज्ञ, आणि तो फोनही त्यांनीच बनवलेला. मी तेव्हा पाच वर्षांची होते, आता बारा वर्षांची आहे. माझं नाव पर्णिका.

तांबड्या खुणेपाशी थांबायचं कशाला, ते सांगते. खोल पाण्याच्या दाबाखाली श्वासातला नत्रवायू (हवेतला सगळ्यांत मोठा भाग) रक्तात विरघळतो. माणूस हळूहळू वर आला, की तो श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आला, तर सोड्याची बाटली फटकन उघडल्यावर होतं तसं रक्तात होतं. बुडबुडे येतात. ते मेंदूत नाहीतर हृदयात अडकले, की संपलं. म्हणून होडीतून सोडलेल्या दोरीवर, पाण्याखाली सहा मीटरवर, तांबडी खूण बांधलेली असते.

चौकशी समितीने चौदा सेकंदांचं ध्वनिमुद्रण ऐकलं आणि लिहिलं, ‘यंत्र निर्दोष. सूचना स्पष्ट. पाणबुड्याने होकार देऊन ती पाळली नाही.’ म्हणजे चूक बाबांची. मालवणच्या बंदरावर अजूनही कुणीतरी हळू आवाजात म्हणतंच, की हेमंताने बापाचं ऐकलं नाही. मला त्या माणसांचा फार राग येतो.

आजोबांनी ते ध्वनिमुद्रण समितीसमोर एकदा ऐकलं, पुन्हा कधीच नाही. त्यांनी संशोधन सोडलं आणि आमच्या गावच्या सागरतळ महाविद्यालयात शिकवायला लागले. तेही फोन किंवा ध्वनी नाही. ‘परस्परसंवाद कौशल्य’! समुद्रतळावर प्रवाळाची लागवड करणाऱ्या पाणबुड्यांना हा विषय सक्तीचा आहे. पहिल्या दिवशी सगळे कुरकुरतात, बोलायला काय शिकायचं, ते तर दोन वर्षांच्या पोरालाही येतं. माझी शाल्मलीताई यंदा त्याच वर्गात होती. शनिवारी तिची परीक्षेची बुडी होती, चाळीस मीटर खोल. होडीत फोनवर आजोबा असणार होते, आणि फोन तोच.

आई बर्फाच्या कारखान्यात कामाला जाते, म्हणून शाळा सुटली की मी त्या वर्गातल्या शेवटच्या बाकावर जाऊन बसते. बुधवारी आजोबांनी फळ्यावर एक बाण काढला.

“तुम्हांला वाटतं, बोलणं म्हणजे असा बाण. इथून सुटला, तिथे लागला. खोटं आहे,” ते म्हणाले. त्यांनी बाण वळवून त्याचं वर्तुळ केलं. “बोलणं असं असतं. ऐकणाऱ्याने आपल्याला काय समजलं ते आपल्या शब्दांत परत पाठवायचं. याला प्रत्याभरण म्हणतात. ते आल्याशिवाय तुम्ही बोललात, पण सांगितलं नाहीत. जुने पाणबुडे हे जाणत होते. वरच्याने दोरीला चार झटके दिले, की खालचा चार झटके परत द्यायचा. तो दोन देई, तर वरच्याला कळे, काहीतरी चुकलंय.”

मग त्यांनी खडू खाली ठेवला. ती दोरीची पद्धत त्यांच्याच फोनने मोडीत काढली होती.

पुढे सराव झाला. सरावासाठी वर्गात एक यंत्रमानव आहे. मुलं त्याला होयबा म्हणतात, कारण तो कशालाही ‘होय, कळलं!’ म्हणतो आणि भलतंच करतो. त्याला तसंच बनवलं आहे, म्हणजे आपलं सांगणं किती कच्चं आहे ते आपल्याला दिसावं. एका मुलाने त्याला सांगितलं, “दोरीचा फास कर, पण गाठ आवळू नको.” ‘कर’ म्हणताक्षणी होयबा ओरडला, “होय, कळलं!” आणि त्याने गाठ अशी करकचून आवळली, की ती शेवटी सुरीने कापावी लागली. वर्ग खदखदून हसला.

वर्ग सुटल्यावर मी त्याला विचारलं, “अरे, आवळू नको म्हटलं होतं ना?”

“ते शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत,” होयबा म्हणाला. “माझ्यात डॉ. कुबलांचा फोन बसवला आहे. आवाज घुमू नये म्हणून त्यातून एका वेळी एकाच बाजूचा आवाज जातो. मी बोललो, की माझे कान बंद होतात. बोलून झाल्यावर आणखी तीन सेकंदांनी ते उघडतात.”

माझ्या हातातलं दप्तर खाली पडलं.

मी घरी पळाले. बाबांचा आवाज त्यात आहे, म्हणून आईने ते ध्वनिमुद्रण जपून ठेवलं आहे. मी ते शंभरदा ऐकलं असेल, पण दर वेळी मी फक्त बाबांना ऐकत होते. या वेळी मी घड्याळ समोर ठेवलं. आजोबांचं ‘आता वर ये’ संपतं आणि लगेच बाबांचं ‘होय बाबा’ येतं. त्याच्याखालून आजोबांचा आवाज चालूच आहे, ‘येताना तांबड्या खुणेकडे वीस मिनटां थांब.’ या सगळ्याला अडीच सेकंद लागतात. होडीतल्या यंत्राने आजोबांचं बोलणं पूर्ण टिपलं होतं, आणि समितीने तेवढंच ऐकलं. खाली बाबांचे कान मात्र तेवढ्यापुरते बंद होते.

बाबांनी ‘वर ये’ एवढंच ऐकलं, आणि ते वर आले. त्यांनी आजोबांचं तंतोतंत ऐकलं होतं.

मग ते मध्येच ‘होय’ का म्हणाले? ते आमच्या घरात कुणाला विचारायला नको. आजोबांचं वाक्य संपायच्या आत होय म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. उशीर झाला, की “कान खंय ठेवलस?” म्हणून ओरडा बसतो. परत विचारलं, तर तो उद्धटपणा. ताई वर्गात प्रत्याभरणात पहिली येते, आणि घरी आजोबांसमोर शेळीसारखी मान डोलावते. शनिवारी पाण्याखालीही ती तेच करणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी ताईला सांगितलं. “तां आजोबांका कोण सांगतला?” ती म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिले.

“आजोबा, बाबांच्या फोनाबद्दल सांगूचा आसा. बाबांनी होय म्हटल्यानी तेव्हा...”

“होय, होय, कळला,” आजोबा म्हणाले. “जा, अभ्यास कर.”

माझं वाक्य अर्धंसुद्धा झालं नव्हतं. मला भीतीपेक्षा रागच जास्त आला.

“काय कळला, तां परत सांगा.”

स्वयंपाकघरात पोळपाटावरचा आवाज थांबला. आजोबांना असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते उठून उभे राहिले. मला वाटलं, आता मार बसणार.

“तू म्हणतस, माझो फोन वायट,” ते म्हणाले.

“नाय. मी तसा म्हणूक नाय. ऐका.”

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, सेकंदांसकट, आणि त्यांना ध्वनिमुद्रण ऐकवलं. ते भिंतीला धरून ऐकत होते. संपल्यावर मी पुन्हा तेच म्हटलं, “आता परत सांगा.”

फोन त्यांचाच, कान बंद होतात हे त्यांना ठाऊक होतं, पण बाबांच्या त्या ‘होय’शी त्यांनी ते कधी जोडलंच नव्हतं. मग एकेक शब्द उचलल्यासारखे म्हणाले, “माझ्या झिलान, हेमंतान, अर्धाच ऐकला. अर्ध्यात होय म्हणूची सवय मीच तेका लावलंय. आणि सात वर्सां मीच सगळ्यांका सांगत इलंय, तेना माझा ऐकूक नाय.”

ते खाली बसले आणि रडले. आई दारात उभी होती, तिचे हात पिठाने भरलेले. ती त्यांच्याजवळ गेली नाही, आणि मला तिचं चुकलं असं वाटलं नाही. मला स्वतःला हलकं वाटेल, असं मी धरून चालले होते. तसं काही झालं नाही. कोडं सुटलं तरी बाबा परत येत नाहीत.

शनिवारी सकाळी आजोबांनी समितीला पत्र पाठवलं. पाणबुड्याची चूक नव्हती, यंत्राच्या आणि घराच्या सवयीची होती, असा फोन जिथे जिथे आहे तिथे आधी हे कळवा, असं त्यात होतं. मग होडीत त्यांनी ताईच्या कमरेला स्वतःच्या हाताने दोरी बांधली. तारेवरचा फोनही होता, पण नियम बदलला होता. एका वेळी एकच छोटी सूचना द्यायची, आणि खालून ती परत आल्याशिवाय पुढची नाही.

ताई खाली गेली. चोवीस मिनिटं काम झालं.

“शाल्मली, वर येऊक लाग.”

“वर येऊक लागतंय.”

“तांबड्या खुणेकडे थांब. वीस मिनटां.”

फोनमध्ये नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मी होडीची कड घट्ट धरली. मग ताईचा आवाज आला, घाबरलेला, पण पुरेसा मोठा.

“आजोबा, नाय कळला. परत सांगा.”

आजोबांनी ओरडा केला नाही. त्यांनी सावकाश परत सांगितलं, आणि खालून शब्द न् शब्द परत आला, “तांबड्या खुणेकडे थांबतंय. वीस मिनटां.”

ती वीस मिनिटं आम्ही पाण्यावर येणारे बुडबुडे बघत बसलो. ताई वर आली, शिरस्त्राण काढलं आणि खालच्या प्रवाळाबद्दल भडाभडा बोलायला लागली. आजोबांनी तिला एकदाही मध्ये तोडलं नाही. ती दमून थांबल्यावर ते म्हणाले, “मी काय ऐकलंय, तां सांगू?”