झील कोण धरणार

दारात उभा असलेला मुलगा फक्त पाणी मागायला आला होता.

उन्नतीनं गळ्यातला हेडफोन काढला आणि बाटली पुढे केली. त्यानं स्वतः घोट न घेता ती जिन्यावर टेकलेल्या बाईंना नेऊन दिली. मग वर येऊन त्यानं दारावरची पाटी वाचली, आतला माइक पाहिला आणि हळूच विचारलं, "तुमच्याकडे धवले रेकॉर्ड होतात?"

"होतात. पण फक्त शुक्रवारी," उन्नती म्हणाली. "आज खालचे कापडाचे लूम बंद आहेत. उद्या ते सुरू झाले की गाणं कोणतं आणि खडखड कोणती, ते आम्हालाही कळत नाही."

"म्हणजे आम्हाला तहान बरोबर दिवशी लागली."

ती हसली… आणि लगेच थांबली, कारण तो हसत नव्हता. त्याचं नाव भावेश. वडप्याजवळच्या एका गोदामात तो संगणकावर माल चढवण्या-उतरवण्याची नोंद ठेवत असे. खाली बसलेली त्याची कमळाआत्या धवलारीण होती. आगरी लग्नांत हळदीपासून वरातीपर्यंत देवांना, डोंगरांना, गेलेल्या माणसांना मांडवात बोलावणारी गाणी तिच्या गळ्यात होती. त्या गळ्यातच गाठ निघाली होती. दहा दिवसांनी ऑपरेशन होतं, आणि त्यानंतर आवाज परत येईलच, असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

स्टुडिओचे मालक यूनुसभाई जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. उन्नतीनं त्यांची वाट पाहिली नाही. आत्याला माइकसमोर बसवलं, भावेशला कोपऱ्यातल्या स्टुलावर, आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

आत्यानं डोळे मिटले. पहिली ओळ आली आणि उन्नतीच्या हातावर काटा उभा राहिला. तो आवाज गोड नव्हता. दूरच्या कुणाला तरी हाक मारावी तसा तो उंच जात होता, आणि ज्याला हाक मारली तो येणारच, अशी त्याला खात्री होती. ओळ संपली की आत्या गप्प बसे. बराच वेळ. मग पुढची ओळ. उन्नतीला वाटलं, गळा दुखतोय, दम खातेय बिचारी.

शनिवारी ती एडिटिंगला बसली. पडद्यावर आवाज डोंगरांसारखा दिसतो आणि शांतता सपाट रेघेसारखी. सॉफ्टवेअरला एकदा सांगायचं, इतक्यापेक्षा हळू असेल ते सगळं काप. मग ते क्षणात रेघा काढून टाकतं. उन्नतीनं तेच केलं आणि उरलेले डोंगर एकमेकांना चिकटवले. गाणं अर्ध्यावर आलं. तिला ते फार नीटनेटकं वाटलं.

संध्याकाळी भावेश आला. येताना खालून दोन चहा घेऊन आला, एकात साखर कमी.

"तुम्हाला कसं कळलं?"

"काल नमाजाहून आल्यावर यूनुसभाईंनी दिलेल्या चहाचा एक घोट घेऊन तुम्ही तोंड वाकडं केलं होतं ना."

तिनं घाईघाईनं हेडफोन त्याच्या कानांवर ठेवला. तो ऐकू लागला. आधी त्याचा चेहरा खुलला, मग हळूहळू विझत गेला. शेवटी त्यानं हेडफोन काढून हातात धरला.

"उन्नती… यात माझी आई कुठंय?"

तिला काही समजेना.

मग त्यानं सावकाश सांगितलं. धवला एकटीनं म्हणायचा नसतो. एक बाई ओळ टाकते, दुसरी तीच ओळ जराशी वळवून परत म्हणते. त्याला झील धरणं म्हणतात. आत्याची झील त्याची आई धरायची. आई गेली, पण आत्यानं तिची जागा दुसरीला दिली नाही. ओळ टाकायची, वहिनीची ओळ संपेपर्यंत थांबायचं, मग पुढे जायचं. आत्याला ती ऐकू येत असावी.

उन्नतीचे कान तापले. दम खातेय, असं समजून तिनं माणूसच कापून टाकलं होतं. पण सॉफ्टवेअर मूळ आवाज पुसत नाही, नुसता झाकून ठेवतं. तिनं एकेक पाऊल मागे घेतलं. सपाट रेघा पुन्हा पडद्यावर पसरल्या.

"म्हणून दाखव ना आईची ओळ," ती म्हणाली. अहोजाहो कधी गळालं, दोघांनाही कळलं नाही.

तो लाजला. मग तिनं लावलेल्या रेकॉर्डिंगमध्ये आत्याची ओळ संपली तसा तो अगदी खालच्या आवाजात गुणगुणू लागला. त्याचा शेवटचा सूर विरला, आणि त्याच क्षणी आत्यानं पुढची ओळ उचलली. पुढच्या रेघेतही तेच. त्याच्या पुढच्याही. हातात टाळ नाही, समोर घड्याळ नाही, आणि एका गेलेल्या बाईची ओळ इतकी अचूक मोजून ठेवलेली. दोघं पडद्याकडे बघतच राहिली. चहा तसाच राहिला.

"ही जागा भरूया," उन्नती पुटपुटली. "आत्यांनी ऑपरेशनच्या आधी अख्खा धवला ऐकायला हवा."

"झील बाईनं धरायची असते." त्यानं स्टूल जवळ ओढलं. "तू धरशील? मी शिकवतो."

उन्नती मानकोलीची, आगऱ्यांचीच. पण तिच्या घरी डीजे आल्यापासून धवला उरला नव्हता. ती रोज ड्युटीनंतर शिकली. चुकली की तो हसायचा नाही, फक्त ओळ पुन्हा म्हणायचा. पुढच्या शुक्रवारी लूम थांबले आणि ती माइकसमोर बसली.

ऑपरेशन सोमवारी होतं. रविवारी दोघं दवाखान्यात गेली. आत्यानं खाटेवर बसून हेडफोन लावला. पहिली ओळ संपली, झील आली… आणि चादरीवर ठेका धरणारी तिची बोटं थांबली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग उन्नतीकडे नाही, भावेशकडे पाहिलं.

"इला झील कोनी शिकवली रं?"

"मी."

"आनि आपले घरची रीत सांगली का?"

भावेश हेडफोनची वायर गुंडाळू लागला.

"कसली रीत?" उन्नतीनं विचारलं.

"आमचे घरान झील घरची सूनच धरते, बाय," आत्या म्हणाली. "दुसरी कोनी न्हाय." आणि झोप आल्याचं सांगून ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

बाहेर व्हरांड्यात उन्नतीनं त्याला गाठलं.

"तुला हे माहीत होतं?"

"हो."

"आणि तू मला विचारलं नाहीस."

"तू धरशील का, एवढंच विचारता आलं. बाकीचं… धीरच झाला नाही." त्यानं मान वर केली. "चुकलं माझं. तुझी ओळ आजच काढून टाक हवं तर. आत्याला मी सांगेन. मला तू आवडतेस, हे मात्र त्या ओळीशिवायही तसंच राहील."

ती वळली आणि सरळ आत गेली. तो दारातच थबकला.

"आत्या," उन्नती खाटेशी वाकून म्हणाली, "मला एकच धवला येतो. तेवढ्यावर तुमच्या घरात कसं भागणार?"

आत्या झोपली नव्हतीच. ती या कुशीवर वळली. "गला गेला त मंग? कशी शिकवू?"

"तुम्ही हातानं सांगा. मी दोन्ही ओळी म्हणेन. झील चुकली तर हा आहेच दारात."

आत्यानं पाय जवळ घेऊन खाटेवर जागा केली. उन्नती बसली. मग आत्यानं अगदी हळू, पलीकडच्या रुग्णाची झोप मोडू नये अशा आवाजात, एक नवी ओळ टाकली आणि थांबली.

उन्नतीनं झील धरली. ती चुकली. आत्यानं ओळ पुन्हा म्हटली.