तो रस्त्याने निघालाय

विमान उतरायला लागलं आणि माझ्या समोरच्या सीटवरचा माणूस उजव्या पायाने जमीन दाबायला लागला. एकदा... दोनदा... मग जोरात.

काय दाबताय, मी विचारलं.

"ब्रेक," तो म्हणाला. आणि असा लाजला, की मीच खिडकीकडे बघितलं.

ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर निघाला. शिकाऊ माणसाशेजारी बसायचं आणि आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर भरवसा ठेवायचा, हे त्याचं काम. विमानात पहिल्यांदाच बसला होता — आणि शेवटचंच, असं बॅग काढताना त्याने मला बजावलं.

मी एअर होस्टेस, निम्मा महिना आकाशात असते. गाडी मात्र येत नव्हती. शिकायला त्याच्याकडेच गेले... दुसरीकडे कशाला जाऊ?

मग काय, वळणावळणावर भांडण. मी म्हणायचे, आकडे बघा, विमानापेक्षा रस्त्यावर माणसं कितीतरी जास्त मरतात. तो म्हणायचा, आधी आरसा बघा. मी म्हणायचे, विमान चालवायला दोघं असतात. तो म्हणायचा, इथेही दोघं आहेत, त्यातल्या एकीने भलत्या वेळी क्लच सोडलाय. 'अहो मास्तर'चं 'अरे' कुठल्या चौकात झालं, आठवत नाही.

आणि माझी बदली झाली. विमानाने तासाभराचं अंतर. रस्त्याने अख्खा दिवस.

"मी येईन," तो म्हणाला. "दर सुट्टीला. गाडीने."

आज पहिल्यांदा निघालाय.

चहा केला. प्यायले नाही. गॅलरीत गेले, आत आले, पुन्हा गॅलरीत. हेलकाव्यांत ट्रे न सांडणारी मी... आईचा फोन आला, तर ती म्हणे, अगं, अर्धं अर्धं काय बोलतेस, लक्ष कुठंय? लक्ष घाटात होतं. समोरून येणाऱ्या, डुलकी लागलेल्या कुणातरी ट्रकवाल्यापाशी होतं.

मग त्याचा फोन. घाट उतरून कडेला थांबला होता. विमान असं कडेला घेता येतं का, विचारत होता. हसत होता.

मी हसले नाही.

"ऐक. पुढच्या वेळी विमानाने ये."

"मला भीती वाटते, माहितेय ना तुला?"

"वाटू दे. दोघांपैकी एकाने घाबरायचंच असेल, तर तू घाबर. तुझं तासाभरात संपेल. मला हे दिवसभर... नाही जमत."

पलीकडे एक ट्रक गेल्याचा आवाज.

"एवढी घाबरलीस?" अगदी हळू. "माझ्यासाठी?"

"नाहीतर काय गाडीसाठी?"

मग म्हणाला, काढ तिकीट. पण दोन काढ. मला न्यायला ये, युनिफॉर्म न घालता, आणि माझ्या शेजारी बस.

"आयुष्यभर बसेन," मी बोलून गेले.

त्याने काय उत्तर दिलं ते सांगणार नाही. फोन ठेवला. अजून अर्धा रस्ता बाकी होता — आणि आता तर मला जास्तच भीती वाटत होती.